फोन तुमचा, चावी ऑफिसची

कोकण रेल्वेने रत्नागिरीला जाणाऱ्यांना करबुडेचा बोगदा वेगळा सांगायला नको. उक्षी मागे पडलं की गाडी आत शिरते आणि पुढचे साडेसहा किलोमीटर नुसता अंधार. कोकण रेल्वेवरचा हा सगळ्यात लांब बोगदा. डब्यातली निम्मी जनता या वेळी फोनकडे डोळे लावून बसलेली असते. रेंजच्या काड्या एकेक करून गळतात, ऑफिसच्या मेलवर ते छोटंसं चाक गरगरत राहतं. मग भोके येतं, काड्या पुन्हा उगवतात आणि फोन एका दमात टुणटुणायला लागतो. सोमवारची मीटिंग अलीकडे ओढलीय, क्लायंट उखडलाय आणि एचआरने सगळ्यांना ‘हॅपी लाँग वीकेंड’ म्हटलंय.

आपल्याला वाटतं, मेल ‘येतो’. पोस्टमन यावा तसा. प्रत्यक्षात तुमचा फोनच दिवसभर ऑफिसच्या दारात उभा असतो. तो सर्व्हरला विचारतो, ‘काही आलं का?’ सर्व्हर लगेच उत्तर देत नाही, त्याला तिष्ठत ठेवतो. मधेच मेल टपकला तर तत्काळ सांगतो, नाहीतर काही मिनिटांनी ‘काही नाही’ म्हणतो. त्यावर फोन पुन्हा तेच विचारतो. या चक्राला आयटीवाले ‘हार्टबीट’ म्हणतात. मायक्रोसॉफ्टने २००५मध्ये आपल्या एक्स्चेंज सर्व्हरला ही सोय दिली आणि तिचं नाव ठेवलं ‘डायरेक्ट पुश’. बोगद्यात हा ठोका चुकतो, बाहेर आलं की परत लागतो. गावी गेल्यावर फोनची बॅटरी दुपारीच मान का टाकते, याचं एक उत्तरही इथेच आहे. टॉवर लांब, सिग्नल क्षीण, मग प्रत्येक ‘काही आलं का?’साठी फोनला जास्त जोर लावून ओरडावं लागतं.

ही झाली मजेची गोष्ट. पण या दारात उभं राहायला मिळावं म्हणून फोन ऑफिसला काय काय कबूल करून बसलेला असतो, ती गोष्ट तेवढी मजेची नाही. मी मुंबईतल्या एका कंपनीच्या आयटी हेल्पडेस्कवर बरीच वर्षं काढली. ‘मॅडम, माझा मेल सिंक होत नाहीये’ हे वाक्य मी जितक्या वेळा ऐकलंय, तितक्या वेळा स्वतःचं नावही ऐकलं नसेल. ‘माझं काय काय सिंक होतंय?’ असं मात्र फारसं कुणी विचारत नाही.

ऐन सीझनच्या तोंडावर

माझ्या आत्तेभावाचंच घ्या. घर रत्नागिरीजवळ पावसच्या बाजूला, हापूसची कलमं वडिलोपार्जित, नोकरी पुण्यात. आठवडाभर कंपनीचं काम आणि सीझनमध्ये शनिवार-रविवार आंब्याचं, असा साहेबांचा डबल रोल. दलालाला माल न देता थेट घरपोच पेट्या पाठवायच्या, हा त्याचा फंडा. चार-पाच वर्षांत त्याने पुण्या-मुंबईत तीनशेच्या वर गिऱ्हाइकं जोडली होती, सगळी फोनमध्ये सेव्ह केलेली. नावंही झकास: ‘कोथरूड बँकवाले २ पेटी’, ‘पार्ले काकू कच्चा हवा’, ‘बाणेर पैसे आधी घे’.

मार्चअखेर त्याने नोकरी सोडली. शेवटच्या दिवशी लॅपटॉप जमा केला, आयकार्ड दिलं, केक कापला. फोनवरून ऑफिसचं खातं काढून टाका, असं सांगितलं होतं, तेही शहाण्या मुलासारखं काढून टाकलं. रात्री अकराला मला फोन.

‘ताई, माझी सगळी गिऱ्हाइकं गेली गं!’

फोन चोरीला गेला नव्हता, पाण्यात पडला नव्हता, व्हायरसही नव्हता. सगळं ज्यासाठी बनवलंय तसंच चाललं होतं. ऑफिसचं खातं फोनवर टाकताना मेल, कॅलेंडर, कॉन्टॅक्ट्स या तिन्ही बटणांना ‘ऑन’ ठेवलं होतं, बहुतेक सगळे ठेवतात तसं. त्यानंतर नवीन नंबरसाठी ‘डिफॉल्ट’ खातं कुठलं, तर ऑफिसचं. म्हणजे गडी नंबर सेव्ह करत होता आपल्या फोनवर आणि तो लिहिला जात होता कंपनीच्या सर्व्हरवर. फोनवर दिसत होती ती त्याची नुसती सावली. खातं गेलं, सावली गेली. फोनने खातं काढण्यापूर्वी ‘यातले कॉन्टॅक्ट्सही जातील’ असं विचारलं होतं म्हणे. पण शेवटच्या दिवशी, हातात केकची प्लेट असताना, असल्या चौकटी कोण वाचतं?

मी म्हटलं, आयटीला विचार. मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडवर कर्मचाऱ्याचं खातं काढल्यावर त्याची मेलबॉक्स ३० दिवस परत आणता येते. तांत्रिकदृष्ट्या काहीच अडचण नव्हती. कंपनीने सांगितलं, त्या मेलबॉक्समध्ये क्लायंटची माहिती आहे, माजी कर्मचाऱ्यासाठी ती उघडणार नाही. राग यायचा तो आलाच. पण त्यांच्या खुर्चीवर मी बसले असते तर मीही बहुधा हेच उत्तर दिलं असतं. सर्व्हरला ‘पार्ले काकू’ आणि ‘क्लायंटचा फायनान्स हेड’ यातला फरक कळत नाही.

शेवटी धावून आली ती आत्याची वही. दर वर्षी कुणाला किती पेट्या गेल्या, पैसे आले की नाही, नंबर काय, हे ती लांबट वहीत निळ्या पेनाने लिहिते. त्यावर भावाने तिची यथेच्छ चेष्टा केलेली. या वेळी आत्या म्हणाली, ‘माझ्या वहीला चार्जिंग लागत नाही.’ उरलेले नंबर व्हॉट्सअॅपच्या जुन्या चॅटमधून काढले, नाव नसलेले, एकेकाला ‘आपण कोण?’ विचारत. एप्रिलचे पहिले दहा दिवस त्यात गेले. साठेक गिऱ्हाइकं सापडलीच नाहीत. जी उशिरा सापडली, त्यांच्यापैकी काहींनी तोवर दुसरीकडून पेट्या घेतल्या होत्या.

पाळण्यातले दिवस

हे असं कधीपासून झालं? सुरुवातीला तर सगळं फार साधं होतं. १९९६मध्ये ‘पाम’ची पहिली हातात मावणारी डायरी आली. तिच्यासोबत एक बैठक यायची, तिला म्हणायचे क्रेडल, म्हणजे अक्षरशः पाळणा. संध्याकाळी यंत्र पाळण्यात ठेवायचं, ‘हॉटसिंक’चं बटण दाबायचं, की कॉम्प्युटरवरचे पत्ते आणि डायरीतले पत्ते एकमेकांशी जुळवले जायचे. गोंधळ तेव्हाही व्हायचे. एकच माणूस दोनदा दिसायचा, कधी तीनदा. पण जे काही व्हायचं ते तुमच्या टेबलावर. यंत्र पाळण्यातून उचललं, की ते पूर्ण तुमचं.

मग आली ब्लॅकबेरी. आज पंचविशीत असलेल्या मंडळींनी ती फार तर सिनेमात पाहिली असेल. कॅनडाच्या ‘रिसर्च इन मोशन’ने १९९९मध्ये ती काढली, भारतात २००४मध्ये एअरटेलने आणली. केबल नाही, पाळणा नाही, लोकलमध्ये उभ्याउभ्या मेल! नरिमन पॉइंटच्या लिफ्टमध्ये ती कमरेला लावून फिरणाऱ्यांचा काय थाट असायचा! आतली गंमत अशी, की कंपनीच्या मेल सर्व्हरशेजारी ब्लॅकबेरीचा आणखी एक सर्व्हर बसवावा लागे. मेल तिथे कुलूपबंद व्हायचा, ब्लॅकबेरीच्या जाळ्यातून प्रवास करायचा आणि थेट फोनवर उघडायचा. त्या जाळ्यावर सगळा डोलारा उभा होता. ऑक्टोबर २०११मध्ये ते बिघडलं, तेव्हा युरोपापासून भारतापर्यंत लोकांची यंत्रं दोन-तीन दिवस मुकी झाली. आमच्या हेल्पडेस्कवर तर जत्रा भरली होती. आम्ही तरी काय करणार? आमचा सर्व्हर ठणठणीत होता.

या कुलपावरून भारत सरकार आणि ब्लॅकबेरी यांची चांगलीच जुंपली. २००८पासून कुरबुर चालू होती. सुरक्षा यंत्रणांना संदेश वाचता आले पाहिजेत, नाहीतर सेवा बंद करू, असा इशारा देऊन सरकारने ३१ ऑगस्ट २०१० ही मुदत घातली. ब्लॅकबेरीचं म्हणणं, कॉर्पोरेट मेलची चावी आमच्याकडे नाहीच, ती ज्या-त्या कंपनीकडे असते. मुदत वाढत गेली. पुढे मेसेंजरसारख्या सेवांबाबत तोडगा निघाला, कॉर्पोरेट मेल मात्र त्याच्या बाहेरच राहिला.

तेव्हा ऑफिसात याचं केवढं कौतुक! ‘आपला मेल सरकारसुद्धा वाचू शकत नाही.’ खरं होतं. पण चावी कंपनीकडे, याचा दुसरा अर्थ कुणी लावत नव्हतं. त्याच सर्व्हरवरून आम्ही आयटीवाले कुठल्याही ब्लॅकबेरीला लांबूनच कुलूप लावू शकत होतो, तिचा कॅमेरा बंद करू शकत होतो, ती कोरी करू शकत होतो. यात कुणाला काही खटकलं नाही, कारण यंत्रच कंपनीचं होतं. राजीनामा दिला, यंत्र परत केलं, विषय संपला.

‘हा माझा फोन, यावर मेल चालू कर’

खरा पेच सुरू झाला तो लोक स्वतःचे फोन घेऊन आमच्या टेबलाशी यायला लागले तेव्हा. नोकियाची ‘ई’ सीरिज होतीच, ई-७१ तर तेव्हा काय सही फोन होता! त्यावर ‘मेल फॉर एक्स्चेंज’ टाकलं, की कंपनीचा मेल यायचा. जुलै २००८मध्ये आयफोनच्या सॉफ्टवेअरच्या दुसऱ्या आवृत्तीत एक्स्चेंजची सोय आली, ऑगस्टमध्ये आयफोन थ्रीजी भारतात विकायला आला आणि सगळ्यात आधी बॉस लोक रांगेत उभे राहिले. सर्व्हर एका कंपनीचा, फोन दुसरीचा, प्रोग्राम तिसरीचा. तिघांचं जमलं तर ठीक, नाहीतर हेल्पडेस्क आहेच शिव्या खायला.

जमायचं नाही याचे नमुने ऐका. कंपनीच्या सर्व्हरचा नियम असायचा, की फोनमधली माहिती कुलूपबंद असेल तरच मेल मिळेल. जुने आयफोन बेधडक ‘हो, आहे’ म्हणायचे आणि मेल घ्यायचे. प्रत्यक्षात त्यांच्यात ती सोयच नव्हती, थ्रीजीएसपासून पुढे ती आली. सप्टेंबर २००९मध्ये अॅपलने ३.१ ही आवृत्ती काढून फोनला खरं बोलायला शिकवलं. झालं! अपडेट केल्या केल्या जुन्या फोनवाल्यांचे मेल बंद. लोकांना वाटलं, अपडेटने फोन बिघडवला. फोन नुसता प्रामाणिक झाला होता.

२०१३च्या फेब्रुवारीत आयओएस ६.१ने आणखी कहर केला. कॅलेंडरमधल्या मीटिंगला उत्तर देताना फोन कधी कधी चक्रात अडकायचा आणि सर्व्हरवर नोंदींचा असा मारा करायचा, की सर्व्हरच धापा टाकायला लागायचा. काही कंपन्यांनी त्या आवृत्तीच्या फोनना दारच बंद केलं. त्याच महिन्यात ६.१.२ आली आणि जीव भांड्यात पडला. २०१७मध्ये आयओएस ११ आली तेव्हा काही सर्व्हरवर मेल यायचा, पण जायचा नाही. आठवड्याभरात ११.०.१ काढावी लागली. तेव्हापासून मी नातेवाइकांना सांगते, ज्या फोनवर पोट आहे त्याला पहिल्या दिवशी नवी आवृत्ती टाकू नका, चार दिवस दुसऱ्यांना टाकू द्या.

आणि आपली मराठी? तिची वेगळीच कथा. गावच्या उत्सवाची पत्रिका कुणीतरी जुन्या फाँटमध्ये टाइप करून पाठवायचं आणि फोनवर ती ‘ÉÊ’ छापाची गिचमिड होऊन उतरायची. कॉम्प्युटरवर तो फाँट असायचा, फोनवर कुठून येणार? युनिकोड आलं तरी सुरुवातीच्या बऱ्याच अँड्रॉइड फोनवर देवनागरीच्या जागी चौकोन. २०११च्या अँड्रॉइड ४पासून ते सुधारलं. तोवर मराठी मेल म्हणजे चौकोनांची रांगोळीच.

‘अलाऊ’ दाबलं की

आता मुद्द्याचं. ऑफिसचा मेल आपल्या फोनवर घेताना एक पडदा येतो. अँड्रॉइडवर पूर्वी तो चांगला सविस्तर असायचा: पासवर्डचे नियम ठरवणे, स्क्रीन लॉक करणे, कॅमेरा बंद करणे आणि सगळ्यात वर, सगळा डेटा पुसून टाकणे. खाली ‘अॅक्टिव्हेट’. आपण काय करायचो? बॉस वाट बघतोय म्हणून दाबायचो. त्या दिवसापासून ब्लॅकबेरीवर कंपनीला जे अधिकार होते, त्यातले बरेचसे तुमच्या पैशांनी घेतलेल्या फोनवरही तिला मिळायचे. फोन हरवला तर यासारखी सोय नाही, हे मी स्वतः अनुभवलंय. टॅक्सीत राहिलेला फोन आम्ही दहा मिनिटांत कोरा करायचो. पण तेच बटण दाबल्यावर मेलबरोबर पोराच्या बारशाचे फोटोही जायचे. बटणाला फक्त ‘सगळं’ कळायचं.

गैरसमजही खूप आहेत. नुसता मेल सिंक केला म्हणून आयटीवाला तुमचे फोटो बघत बसत नाही, व्हॉट्सअॅपही वाचत नाही. तेवढा वेळ असता तर त्याने आधी जेवून घेतलं असतं.

बरं, गेल्या काही वर्षांत तोडगेही निघाले. अँड्रॉइडमध्ये २०१४च्या ५.० आवृत्तीपासून ‘वर्क प्रोफाइल’ आहे. एकाच फोनमध्ये ऑफिसची वेगळी खोली, तिथल्या अॅपवर छोट्या ब्रीफकेसचं चिन्ह. कंपनीने पुसलं तर ती खोली पुसली जाते, तुमचं घर शाबूत. आयफोनवर २०१९च्या आयओएस १३पासून अशीच विभागणी करता येते. हेही नको असेल तर आऊटलुकचं स्वतंत्र अॅप टाकायचं. कंपनीने पुसायचं म्हटलं तर त्या अॅपमधलं पुसलं जातं, बाकी फोनला हात लागत नाही. माझ्या आत्तेभावासारख्यांनी फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन थेट एक्स्चेंजचं खातं टाकण्यापेक्षा हे कधीही बरं.

अर्थात, यातलं काय वापरायचं ते तुम्ही नाही, कंपनी ठरवते. पण विचारता तर येतं. ‘माझ्या फोनवर फुल वाइपचा अधिकार आहे, की फक्त ऑफिसच्या डेटापुरता?’ एवढा एक प्रश्न हेल्पडेस्कला विचारा. उत्तर लेखी, म्हणजे मेलवरच मागा.

वादळात तीन दिवसांचा मेल

आणखी एक गोष्ट, गावाहून काम करणाऱ्यांसाठी. ३ जून २०२० रोजी निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं आणि शेजारच्या मंडणगड-दापोलीचीही दाणादाण उडाली. लॉकडाऊनमुळे किती तरी पोरं तेव्हा गावीच होती. आमच्या टीममधली एक मुलगी दापोलीजवळच्या घरून काम करत होती. वीज गेली, टॉवर गेले, छपराची कौलं गेली. शेजाऱ्याच्या गाडीत फोन चार्ज करून तिने ऑफिसची एक जुनी ऑर्डर शोधायला घेतली, तर फोनवर फक्त शेवटच्या तीन दिवसांचा मेल. बाकी सगळा सर्व्हरवर आणि सर्व्हर मुंबईत! फोनवर सर्च केलं की जुना मेलही सापडतो, म्हणून आपल्याला वाटतं तो फोनमध्येच आहे. पण ते शोधकाम सर्व्हरवर चालतं. किती दिवसांचा मेल फोनवर उतरवून ठेवायचा, हे ‘मेल डेज टू सिंक’सारख्या एका ओळीत ठरतं. गणपतीला गावी निघण्याआधी ती महिनाभरावर नेऊन ठेवा. थोडी जागा जाईल, जाऊ दे.

जुने फोन सांभाळून असणाऱ्यांनी आणखी एक लक्षात घ्या. ब्लॅकबेरीच्या जुन्या यंत्रांची सेवा ४ जानेवारी २०२२ला कायमची बंद झाली. मायक्रोसॉफ्टने त्याच वर्षी ऑक्टोबरपासून नुसत्या नाव-पासवर्डवर चालणारं जुनं लॉगिन आपल्या क्लाउडवर बंद करायला घेतलं. त्यामुळे किती तरी जुनी मेल अॅप एका सकाळी अचानक ‘पासवर्ड चुकीचा’ म्हणायला लागली. पासवर्ड बरोबर होता, बोलण्याची रीत जुनी झाली होती.

आणि नंबरांचं? आयफोनवर कॉन्टॅक्ट्सच्या सेटिंगमध्ये ‘डिफॉल्ट अकाउंट’ बघा, तिथे ऑफिसचं नाव असेल तर बदला. अँड्रॉइडवर नवीन नंबर सेव्ह करताना वर बारीक अक्षरांत खात्याचं नाव दिसतं, तिथे आपलं वैयक्तिक खातं निवडा. हे बदललं तरी आधी सेव्ह केलेले नंबर जिथे होते तिथेच राहतात, ते हलवावे लागतात. आई, डॉक्टर, पार्ले काकू असे आपले नंबर निवडायचे, एक्सपोर्ट करायचे आणि ती फाइल आपल्या खात्यात उघडायची. ऑफिसचे नंबर त्यात घेऊ नका, ते खरंच त्यांचे आहेत. हे सगळं करायला अर्धा तास पुरतो. फक्त राजीनाम्याच्या मेलवर ‘सेंड’ दाबण्यापूर्वी करा, कारण काही कंपन्यांत त्यानंतरचा अर्धा तास मिळत नाही.